हनुसंधीचें भविष्य

आमच्या घरीं रात्रीची पंगत बसली कीं अकरा पानें मांडलीं जातात. वर्ध्यासारखें गांव, जुनें घर आणि एकत्र कुटुंब. त्यामुळें जेवतांना गप्पा, पोरांची भांडणें आणि वाढणाऱ्यांची धांदल यांचा गलका रोजचाच. सुमारें तीन वर्षांपूर्वीं या गलक्यांत एक नवा आवाज ऐकूं येऊं लागला. आमची धाकटी सून घांस चावूं लागली कीं ‘कट्’ असा बारीक परंतु स्पष्ट आवाज होई. मुलें हंसत. आम्हीही एकदां जन्मभराच्या मास्तरकीस अनुसरून, “हा अनुकरणवाचक शब्द आहे, बरें का!” असें म्हणून सर्व पंगतीस हंसविलें. त्या विनोदाची आज आम्हांस लाज वाटते.

पुढें कांहीं महिन्यांनीं सून सर्वांच्या मागून जेवूं लागली. ज्वारीची भाकर ती वरणांत भिजवून खाई. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक आमच्याकडे चहाबरोबर कडकड चावून खाण्याचा प्रघात; ती तो दुधांत बुडवून मऊ करून घेई. घरांतील वडील मंडळींनीं या सर्वांचा अर्थ ‘खाण्याचे चोचले’ असा लाविला. मग एके दिवशीं तो आवाजही बंद झाला, आणि दुखणें बरें झालें असें समजून आम्ही सर्व निश्चिंत झालों.

जी व्यथा डोळ्यांस दिसत नाहीं ती एकत्र कुटुंबांत फार उशिरां मान्य होते. ताप असेल तर कपाळास हात लावून पाहतां येतो. पाय मुरगळला तर सूज दिसते. परंतु कानाच्या पुढें बोटभर जागेंत, सकाळीं उठतांच किंवा जांभई देतांना जें दुखतें, त्यास साक्षीदार कोठून आणावा? असा साक्षीदार होऊं शकणाऱ्या यंत्रांविषयीं, म्हणजे शरीराच्या आंतील चित्रें काढणाऱ्या यंत्रांविषयीं, आज आम्ही लिहीत आहों. आज ‘काय आहे’ हें तीं यंत्रें सांगतात, हें सर्वांस ठाऊक आहे. ‘पुढें काय होईल’ हें त्यांस कितपत सांगतां येतें, हें मात्र प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

वायसतुंड

संस्कृतांत ‘हनु’ म्हणजे जबडा. उगवत्या सूर्याकडे झेंपावलेल्या वायुपुत्रावर इंद्रानें वज्र टाकिलें, त्याची डावी हनु भंगली, आणि म्हणून तो हनुमान्, अशी कथा वाल्मीकिरामायणांत आहे. ज्याचें स्तोत्र आपण रोज म्हणतों त्या देवाचें नांवच जबड्याच्या दुखापतीवरून पडलें आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शरीरांतील सांध्यांचे आकारावरून आठ प्रकार केले आहेत: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल आणि शंखावर्त. यांपैकीं वायसतुंड, म्हणजे कावळ्याच्या चोंचीसारखा, हा प्रकार हनूच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांस लाविला आहे. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व पंचांगी नांवाचा बंध बांधावा, असा उपाय त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत आहे. आणि चरकसंहितेंत वातव्याधींमध्यें हनुग्रहाचें, म्हणजे जबडा जखडण्याचें, वर्णन आहे. प्रेत पाण्यांत ठेवून, कुजल्यावर एकेक थर दूर करून पाहण्याची रीति सुश्रुतानें सांगितली आहे. तेव्हां हा सांधा आपल्या पूर्वजांच्या परिचयाचा होता. परंतु जिवंत माणसाच्या सांध्यांत डोकावण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें.

सांधा कसा चालतो

वाचकांनीं आपल्या दोन्ही तर्जनी कानांच्या अगदीं पुढें ठेवून तोंड सावकाश उघडावें व मिटावें. बोटांखालीं जें सरकतांना लागतें तें खालच्या जबड्याच्या हाडाचें डोकें. कवटीच्या हाडांत त्याच्यासाठीं एक खोबण आहे. दाराची बिजागरी एकाच जागीं फिरते. हा सांधा मात्र प्रथम बिजागरीप्रमाणें फिरतो आणि मग टेबलाच्या खणाप्रमाणें पुढें सरकतो. शिवाय खालचा जबडा हें एकच हाड असल्यामुळें डाव्या बाजूचा सांधा हालला कीं उजव्यास हालावेंच लागतें. जोडींतील एक बैल लंगडला तर दुसऱ्याचीही चाल बिघडते, तसाच हा प्रकार आहे.

हाडाचें डोकें आणि खोबण यांच्यामध्यें एक लवचीक चकती असते. ती मध्यें पातळ व कडांना जाड. तोंड उघडतांना ती डोक्याबरोबर पुढें जाते आणि मिटतांना मागें येते. ही चकती पुढें घसरली, आणि तोंड उघडतांना हाड पुन्हा तिच्याखालीं जाऊन बसलें, कीं ‘कट्’ असा आवाज होतो. कांहींच्या बाबतींत पुढें चकती जागेवर येतच नाहीं. मग आवाज थांबतो, पण तोंडही पुरतें उघडत नाहीं. आमच्या घरीं आवाज बंद झाला तेव्हां नेमकें हेंच झालें होतें. आणि आम्ही मात्र समाधान मानीत होतों.

याच्याही पुढची अवस्था म्हणजे हाडावरील कूर्चेचें तंतुमय आच्छादन झिजणें. तेव्हां वाळू रगडल्यासारखी करकर ऐकूं येते. यासच सांध्याचा ऱ्हास, डॉक्टरांच्या बोलींत ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’, म्हणतात. गुडघ्याचा हा विकार उतारवयांत होतो म्हणून आपल्या परिचयाचा आहे. जबड्याच्या सांध्याचा मात्र विशी-तिशींतही आढळतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘कट्’ आवाज पुष्कळ निरोगी माणसांच्या जबड्यांतही होतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुतेकांस त्यापासून जन्मभर कांहीं त्रास होत नाहीं. तेव्हां आवाज होणाऱ्या अनेकांतून कोणाचा सांधा पुढें झिजणार, हें वेळींच ओळखणें हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या हातून काय चुकलें

सुनेची वेदना कानापासून खालच्या दाढेपर्यंत पसरत असे. म्हणून प्रथम दांताचा उपाय झाला. कोठें झाला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आधीं दाढेंत औषध भरलें, नंतर दाढच काढली. दुखणें मात्र होतें तेथेंच राहिलें. पुढें दुसऱ्या एका ठिकाणीं दोन्ही जबड्यांचा लांबट फोटो काढला. त्यास ‘ओपीजी’ म्हणतात. तो पाहून, “सांधा स्वच्छ आहे, मनावर घेऊं नका,” असें आम्हांस सांगण्यांत आलें.

‘मनावर घेऊं नका’ याचा अर्थ घरांत ‘हें सगळें मनाचेंच आहे’ असा झाला. फोटोंत कांहीं नाहीं, म्हणजे कांहींच नाहीं! त्या रात्रीं सून आम्हांस पाणी देतांना हळूच म्हणाली, “मामंजी, फोटोंत नसेल, पण मला दुखतंय हें तर खरं ना?” चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलीं, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. त्यानंतर आम्ही या विषयाचें वाचन करूं लागलों.

छाया आणि चित्र

इ. स. १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरांत त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाताचीं हाडें आणि बोटांतील अंगठी स्पष्ट उमटली. १९०१ सालीं भौतिकशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यासच मिळालें. परंतु क्ष-किरणांचें चित्र ही मुळांत छाया आहे. कंदिलापुढें चार माणसें उभीं राहिलीं म्हणजे भिंतीवर त्यांच्या छाया एकमेकींत मिसळतात. तशीच कवटीच्या इतर हाडांची छाया या लहानशा सांध्यावर पडते आणि त्यास झांकून टाकते.

ही अडचण कमी करण्यासाठीं विसाव्या शतकाच्या मध्यास फिनलंडमधील पाटेरो या दंततज्ज्ञानें, चेहऱ्याभोंवतीं फिरत चित्र घेण्याची पद्धति सिद्ध केली. आजचा ओपीजी तो हाच. दांत, दाढांचीं मुळें, मोडलेलें हाड, सांध्यांतील मोठे बिघाड हे त्यांत दिसतात. आरंभीचे बारीक बदल पुष्कळदां निसटतात, आणि चकती तर दिसतच नाहीं. म्हणजे ‘फोटोंत कांहीं नाहीं’ या वाक्याचा खरा अर्थ ‘या फोटोंत दिसण्याजोगें कांहीं नाहीं’ इतकाच. हा अर्थभेद आमच्यासारख्या व्याकरण शिकविणाऱ्यासही वेळेवर सुचला नाहीं!

१९७१ सालीं इंग्लंडमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रोग्याच्या मेंदूचें पहिलें सीटी चित्र घेतलें गेलें. भाकरीच्या उतरंडींतून एकेक भाकर काढून पाहावी, तसे शरीराचे पातळ छेद त्यांत वेगवेगळे पाहतां येतात. याबद्दल १९७९ चें नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व कॉर्मॅक या दोघांस मिळालें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर केवळ दांत व जबड्यांसाठीं ‘सीबीसीटी’ नांवाचें लहान यंत्र निघालें. तें रोग्याच्या डोक्याभोंवतीं शंकूच्या आकाराचा किरणझोत एकदां फिरवितें, आणि त्यावरून हाडाचें त्रिमितीय चित्र तयार होतें. मोठ्या सीटीपेक्षां त्यांत किरणांची मात्रा सामान्यतः कमी लागते, ओपीजीपेक्षां मात्र अधिक.

तिसरें साधन एमआरआय. यांत क्ष-किरण मुळींच नाहींत. शक्तिमान् चुंबकाच्या क्षेत्रांत शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजन-अणूंपासून संदेश मिळवून हें चित्र तयार होतें. १९७३ सालीं लॉटरबर यांनीं या रीतीचा पाया घातला. मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हनुसंधीचें एमआरआय तोंड मिटून व उघडून असें दोन्ही प्रकारें घेतात. त्यामुळें चकती कोठें आहे, ती परत येते कीं नाहीं, आणि सांध्यांत पाणी सांचलें आहे काय, हें कळतें. सारांश, हाड पाहावयाचें तर सीबीसीटी आणि चकती पाहावयाची तर एमआरआय. एकास दुसऱ्याचें काम सांगूं नये.

डॉक्टरबाईंची तपासणी

शेवटीं आम्ही सुनेस घेऊन या सांध्याची माहिती असलेल्या एका डॉक्टरबाईंकडे गेलों. त्यांनीं प्रथम कोणतेंही चित्र मागितलें नाहीं. कानापुढें बोटें ठेवून तोंड उघडावयास लाविलें. पट्टीनें वरच्या व खालच्या दांतांमधील अंतर मोजलें. गालाचे व कानशिलाचे स्नायु चांचपले. झोंपेंत दांत खाण्याची संवय आहे काय, दुखणें केव्हां वाढतें, पूर्वीं आवाज होत होता काय, असे प्रश्न सावकाश विचारले. “आवाज बंद झाल्यावर तोंड कमी उघडूं लागलं का?” या प्रश्नास सुनेनें ‘हो’ म्हणतांच त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान खालीं घातली.

त्यानंतर एमआरआय व सीबीसीटी झालें. उजवीकडील चकती पुढें घसरलेली होती आणि परत येत नव्हती. हाडाचें डोकें किंचित् चपटें दिसत होतें, परंतु त्याचा पृष्ठभाग अखंड होता. आम्हीं विचारलें, “डॉक्टरबाई, याचें पुढें काय होणार? हा सांधा झिजणार काय?”

त्या म्हणाल्या, “गुरुजी, हा चपटेपणा म्हणजे झीज आहे, कीं सांध्यानं पडणाऱ्या भाराप्रमाणं स्वतःचा आकार बदलून घेतला आहे, हें एका चित्रावरून मी सांगणार नाही. उपचार आज सुरू करूं. कांहीं महिन्यांनीं तोंड किती उघडतं तें पाहूं, आणि गरज वाटली तरच पुन्हा चित्र काढूं.”

आम्ही तेथें भविष्य ऐकावयास गेलों होतों, म्हणून प्रथम थोडी निराशा झाली. पुढें विचार करतां त्या उत्तराचा प्रामाणिकपणा ध्यानांत आला.

ग्रहण आणि पाऊस

आपल्या पंचांगांत दोन प्रकारचीं भविष्यें असतात. ग्रहणाचे स्पर्श, मध्य आणि मोक्ष हे गणितानें दिलेले असतात व ते बरोबर जुळतात. त्याच पंचांगांत पावसाचेंही अनुमान असतें: मृगाचें वाहन बेडूक, आर्द्रांचें म्हैस इत्यादि. परंतु त्या वाहनावर विसंबून आमच्या जिल्ह्यांतील कोणी शहाणा शेतकरी सरकी लावीत नाहीं. तो ओल पाहतो, ढग पाहतो आणि मग निर्णय करतो. हनुसंधीचें भविष्य आज ग्रहणासारखें नाहीं. तें ढग पाहून सांगितलेल्या पावसासारखें आहे.

हे ढग कोणते? २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांप्रमाणें सीटी चित्रांत ऱ्हासाच्या चार खुणा मानल्या आहेत: हाडाचा पृष्ठभाग कुरतडल्यासारखा होणें, पृष्ठभागाखालीं लहान पोकळ्या दिसणें, कडेला हाडाचे कोंब फुटणें, आणि हाडाचें डोकें सर्वत्र घट्ट होणें. यांपैकीं एकही दिसली तर ऱ्हास समजावा. नुसता चपटेपणा किंवा केवळ कडेचा घट्टपणा यांवरून मात्र तसा निष्कर्ष काढूं नये; तो पुढील ऱ्हासाचा आरंभ असेल किंवा निव्वळ जुळवून घेणेंही असेल. मुलामुलींच्या बाबतींत तर आणखी सावधगिरी हवी. हाडाच्या डोक्यावरील घट्ट कवच वीस-बावीस वर्षांच्या सुमारास पूर्ण होतें. पंधरा वर्षांच्या मुलीच्या चित्रांत तें अस्पष्ट दिसलें तर तो रोग नव्हे, वय आहे.

दुसरी अडचण अशी कीं, चित्र आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदां बसत नाहीं. चित्रांत झीज दिसते आणि माणूस आनंदानें चणे खातो. उलट चित्र जवळजवळ निर्दोष आणि माणूस कळवळतो. तिसरी गोष्ट समाधानाची आहे. हा सांधा स्वतःस सांवरण्यांत मोठा चिवट असतो. झीज सुरू झाली तरी अनेकांच्या बाबतींत कांहीं वर्षांनीं ती स्थिरावते व दुखणेंही ओसरतें. म्हणजे ‘ऱ्हास’ हा शब्द रिपोर्टांत दिसतांच घरांत सुतक धरण्याचें कारण नाहीं.

आतां या कामीं संगणकाची मदत घेणें सुरू झालें आहे. मानवी डोळ्यास जें सहसा टिपतां येत नाहीं, म्हणजे हाडाच्या आंतील जाळीची वीण किंवा डोक्याच्या आकारांतील सूक्ष्म फरक, तें संगणक अंकांत मोजतो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत या विकाराच्या आरंभींच्या अवस्थेंतील ४६ रोगी व ४६ निरोगी माणसें यांचीं सीबीसीटी चित्रें, रक्त व लाळ यांतील कांहीं प्रथिनें, आणि तपासणींतील लक्षणें हीं सर्व एकत्र करून संगणकास शिकविण्यांत आलें. त्यानें सुमारें ८२ टक्के प्रसंगीं रोगी कोण व निरोगी कोण हें बरोबर ओळखिलें. विशेष असें कीं, एकट्या चित्रापेक्षां चित्र, रक्त, लाळ आणि रोग्याचें म्हणणें यांच्या मेळावर त्यांचा भर होता.

ही प्रगति कौतुकास्पद आहे. पण तिचा अर्थ नीट लाविला पाहिजे. एक तर ९२ माणसांचा अभ्यास हा आरंभ होय. दुसरें म्हणजे, ‘रोग लागला आहे’ हें लवकर ओळखणें वेगळें आणि ‘आज निरोगी दिसणारा सांधा अमुक वर्षांनीं झिजेल’ हें सांगणें वेगळें. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही लट् व लृट् हे दोन लकार शिकवीत असूं. पहिला वर्तमानाचा, दुसरा भविष्याचा. चित्र हें लट्-लकारांत चांगलें बोलतें. लृट्-लकाराचा त्याचा अभ्यास अद्याप चालूं आहे. तोंवर आजचें चित्र व कांहीं काळानंतरचें चित्र यांची तुलना, आणि त्याबरोबर तोंड उघडण्याचें माप व वेदनेचा इतिहास, हाच भविष्याचा त्यांतल्या त्यांत विश्वसनीय आधार आहे.

जेथें उशीर परवडत नाहीं

एका प्रसंगीं मात्र हें पुढचें पाहणें अत्यंत मोलाचें ठरतें. सोळा वर्षांच्या आंतील कांहीं मुलांस संधिवात होतो. त्यांत गुडघे, घोटे सुजतात तें आईबापांस दिसतें. परंतु जबड्याचा सांधाही आंतून सुजलेला असूं शकतो, आणि पुष्कळदां मूल त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाहीं, कारण त्यास दुखतच नाहीं. खालच्या जबड्याची वाढ ज्या भागांतून होते तो भाग याच सांध्यापाशीं आहे. तो बिघडला तर हनुवटी मागें राहते किंवा एका बाजूस वळते, आणि हें आरशांत दिसूं लागेपर्यंत वाढीचीं कांहीं वर्षें निघून गेलेलीं असतात. शिरेंतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्यें ही सूज हाड झिजण्यापूर्वींच दिसूं शकते, आणि उपचार वेळेवर करतां येतो. म्हणून ज्या घरीं संधिवाताचें मूल आहे, त्यांनीं दुखत नसलें तरी जबड्याची तपासणी करण्याविषयीं आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावें.

याउलट, आमच्या विदर्भांत तोंड न उघडण्याचें एक अगदीं निराळें कारण घरोघर दडलेलें असतें, तें म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ सुशिक्षित घरांतील मुलांच्या खिशांतही सांपडतो. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली. संवय मात्र राहिली. सुपारीमुळें गालांच्या आंतील नरम त्वचा दोरीसारखी ताठ होते आणि तोंड हळूहळू मिटत जातें; ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरूं शकते. तेथें दोष सांध्याचा नसतो, गालाचा असतो. तेव्हां घरांतील तरुणाचें तोंड कमी उघडूं लागलें, तिखट झोंबूं लागलें, तर सांध्याच्या चित्राआधीं त्याचा खिसा पाहावा आणि लगेच तोंड दाखवावें.

घरीं काय पाहावें, डॉक्टरांस काय विचारावें

स्वतःचीं मधलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून समोरच्या दांतांमध्यें जातात काय, हें पाहावें. सामान्यतः तीं जातात. दोनच जात असतील, किंवा पूर्वीं तीन जात व आतां जात नसतील, तर तपासणी करावी. तोंड उघडतांना हनुवटी एका बाजूस वळणें, जबडा अडकणें, वाळूसारखी करकर, आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी कानापुढील वेदना, या खुणा अंगावर काढूं नयेत. नुसता आवाज असेल तर भिऊं नये.

आमच्या जिल्ह्याचें सुदैव असें कीं, सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आणि तेथील १९६९ सालीं निघालेलें वैद्यकीय महाविद्यालय, तसेंच सावंगी (मेघे) येथील १९९१ सालापासूनचें दंत महाविद्यालय, हीं वर्धा शहरापासून फार दूर नाहींत. दंत महाविद्यालयांत मुखरोग व क्ष-किरण यांचा स्वतंत्र विभाग असतो. प्रश्न दाढेचा कीं सांध्याचा, याचा निवाडा तेथें प्रथम करून घ्यावा. दाढ काढणें सोपें असतें, परत बसविणें नाहीं.

चित्र काढण्यापूर्वीं तीन प्रश्न विनयानें विचारावेत. या चित्रानें उपचारांत काय बदल होईल? हाड पाहावयाचें आहे कीं चकती? पूर्वींचें चित्र उपयोगीं पडेल काय? क्ष-किरण-यंत्रांवर १९८३ सालीं स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तरीही विनाकारण किरण घेऊं नयेत, विशेषतः मुलांनीं. आणि गर्भवती स्त्रीनें आपली अवस्था आधींच सांगावी. जुनीं चित्रें व अहवाल तारखेनिशीं जपून ठेवावेत. आपण जमिनीचे सात-बारा जपतों, तितक्याच काळजीनें हीं जपावींत. कारण वर सांगितल्याप्रमाणें तुलनेंतच भविष्याची किल्ली आहे.

उपचार बहुधा साधेच असतात: कांहीं दिवस मऊ अन्न, शेक, जबड्याचे हलके व्यायाम, रात्रीं दांतांवर बसवावयाची पट्टी, आणि डॉक्टरांनीं दिलें तर वेदनाशामक औषध. त्यानें भागलें नाहीं तर सुईनें सांधा धुण्याची क्रिया आहे. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते. चाव जुळविण्यासाठीं दांत घासणें यांसारखे परत न फिरणारे उपाय घाईनें स्वीकारूं नयेत. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें.

आमच्या सुनेस शेक, व्यायाम व पट्टी यांनीं चार-पांच महिन्यांत पुष्कळ उतार पडला. आतां तिचें तोंड अडीच बोटें उघडतें. तिसरें अजून पुरतें जात नाहीं. जांभई देतांना ती हनुवटीखालीं मूठ धरते. पुढें काय होईल हें डॉक्टरबाईंनीं सांगितलेलें नाहीं, आणि आम्हीही आतां विचारीत नाहीं. घरांत एवढा बदल मात्र झाला आहे कीं, ती सर्वांबरोबर पंगतीस बसते आणि तिच्या पानांतील भाकरीवर सासूबाई स्वतः तूप व गरम वरण वाढून ती मऊ करून देतात.

काढलेल्या दाढेची जागा रिकामीच आहे. तीं चित्रें आम्हीं कपाटांत पोथ्यांच्या शेजारीं ठेविलीं आहेत. मात्र त्या चित्रांनीं आम्हांस जें दाखविलें, तें सुनेनें दीड वर्ष आधींच तोंडानें सांगितलें होतें. यंत्रें येतील, आणखी सूक्ष्म होतील, कदाचित् एखाद्या दिवशीं ग्रहणाइतकें अचूक भविष्यही सांगतील. परंतु ‘मला दुखतंय’ असें घरांतील कोणी म्हटलें तर त्यावर विश्वास ठेवण्यासाठीं त्या दिवसाची वाट पाहूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.